आठ जणी, चार टेबलं आणि एक शनिवार

प्रश्न थोडक्यात असा: दहावीच्या बॅचच्या आठ मैत्रिणी, सगळ्या पस्तिशीच्या आसपास, पाच पुण्याच्या, दोघी ठाण्याच्या, एक नाशिकची. दोन दिवस स्पा असलेल्या रिसॉर्टला जायचंय. एकीला पाचवा महिना आहे, एकीला शुगर आहे, एक म्हणते मला कोणी हात लावलेला आवडत नाही पण मी येणारच, आणि बजेट माणशी दहा हजाराच्या आत. कुठला स्पा चांगला आणि प्लॅन कसा करायचा?

अगं, स्पा कुठला चांगला हा प्रश्न जरा बाजूला ठेव, तो तिसरा-चौथा प्रश्न आहे. मी सोळा वर्षं या धंद्यात आहे, पहिली सहा वर्षं स्वतः थेरपिस्ट होते आणि आता घाटावरच्या एका रिसॉर्टचा स्पा सांभाळते, त्यामुळे असे ग्रुप मी दर शनिवारी बघते. भिशीचे, ऑफिसचे, लग्नाच्या आधी नवरीला घेऊन आलेले, पन्नाशीच्या शाळेतल्या मैत्रिणी. ज्यांचा वीकेंड बिघडतो ना त्यांचा स्पा वाईट होता म्हणून क्वचित बिघडतो, बहुतेक वेळा गणित चुकलेलं असतं. आठ जणी दुपारी दोनला चेक-इन करतात, जेवतात, चारला सगळ्या मिळून खाली येतात आणि म्हणतात आम्हा सगळ्यांना एकत्र मसाज हवाय. माझ्याकडे मसाजची टेबलं चार, त्या दिवशी ड्यूटीवर बायका थेरपिस्ट तीन, आणि बाकीच्या खोल्यांमधल्या लोकांनी साडेचार ते सात सगळं आधीच धरून ठेवलेलं. मग शेवटच्या दोघींचा नंबर रात्री साडेनऊला लागतो, तोवर बाकीच्या जेवून पत्ते खेळायला बसलेल्या असतात, आणि त्या दोघी तोंड पाडून.

म्हणून फोन केलास की पहिलं हे विचार, तुमच्याकडे एका वेळी किती जणींचा मसाज होऊ शकतो. टेबलं किती हे नाही, त्या ठरावीक शनिवारी त्या ठरावीक वेळेला बायका थेरपिस्ट किती हजर असतील ते. वेबसाइटवर सहा ट्रीटमेंट रूम लिहिलेल्या असतात त्या खोट्या नसतात, पण सहाही रूममध्ये एका वेळी माणूस उभं आहे असं क्वचित होतं, कोणाची साप्ताहिक सुट्टी, कोणी गावी गेलेलं. आमच्याकडच्या बऱ्याच मुली मणिपूर, मिझोराम, नागालँडच्या आहेत आणि आयुर्वेदवाल्या केरळच्या, त्या गावी जातात तेव्हा दोन दिवसांसाठी नाही जात, तीन-चार आठवडे जातात. ख्रिसमसच्या आसपास आणि ओणमला तर रोस्टर बनवताना माझं डोकं फिरतं.

आता गणित. साठ मिनिटांचा मसाज म्हणजे साठ मिनिटं नसतात. आलात, फॉर्म, कपडे बदलणं, पाय धुणं यात पंधरा मिनिटं, मसाज साठ, मग चहा-शॉवर-कपडे, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर आम्हाला चादरी-टॉवेल बदलून, तेल पुसून रूम परत तयार करायला दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे एका बॅचला दीड तास धर. चार थेरपिस्ट असतील तर आठ जणी दोन बॅचमध्ये तीन तासात होतात, छान. दोनच असतील तर चार बॅच, सहा तास, म्हणजे तुमचा अख्खा शनिवार गेला, आणि जर सगळ्यांनी नव्वद मिनिटांचं काही घेतलं तर आठ तास. अशा ठिकाणी आठ जणींनी जाऊच नये, ते कितीही सुंदर असो. चौघी-चौघींनी दोन वेगळ्या दिवशी करा हवं तर, किंवा दुसरं ठिकाण बघा.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. थेरपिस्ट दिवसात पाच, फार तर सहा चांगले मसाज देऊ शकते. हे अंगठ्याचं, मनगटाचं आणि कमरेचं काम आहे, मी स्वतः सहा वर्षांत उजवा अंगठा खराब करून घेतला म्हणून तर टेबल सोडून काउंटरवर आले. रात्री साडेआठचा स्लॉट घेतलास तर तुला सहावा मसाज मिळतो, पैसे पहिल्याएवढेच देऊन.

मग स्लॉट कुठला घ्यायचा? शनिवारी सकाळी. लोकांना वाटतं चेक-इन दोनला म्हणजे आपलं सगळं दोननंतर सुरू, म्हणून शनिवारी दहा ते दोन आमचा स्पा जवळजवळ रिकामा असतो, आदल्या रात्रीचे लोक चेक-आउटच्या गडबडीत आणि नवीन अजून एक्सप्रेसवेवर. तुम्ही पुण्याहून सातला निघा, नऊपर्यंत पोचून हलका नाश्ता करा, बॅगा रिसेप्शनला टाका, अकराला पहिली बॅच आत. साडेबाराला पहिल्या चौघी बाहेर, दुसऱ्या आत, दोन-सव्वादोनला सगळ्या मोकळ्या, तोवर खोल्या तयार, जेवा आणि झोपा. शॉवर स्पामध्येच असतो त्यामुळे खोली नसली तरी अडत नाही. संध्याकाळ पूर्ण तुमची, आणि खरं सांगू का, तुम्ही त्या संध्याकाळसाठीच जाताय. मसाज चालू असताना कोणी कोणाशी बोलत नाही, बोलूही नये, म्हणजे स्पा हा काही एकत्र करायचा कार्यक्रमच नाही. एकत्र असतं ते नंतरचं, केसात तेल, अंगात ढगळ कुर्ता आणि हातात चहा घेऊन व्हरांड्यात बसणं. तेवढ्यासाठी रिसॉर्ट बघताना स्पाचे फोटो बघण्यापेक्षा आठ जणी एकत्र बसतील अशी जागा आहे का ते बघ, मोठा व्हरांडा, लॉन, नाहीतर निदान एक अशी खोली की जिथे रात्री बारापर्यंत हसलं तर शेजारचे रिसेप्शनला फोन करणार नाहीत.

नाश्ता हलका म्हणजे हलकाच हं. मिसळ नको, वडापाव तर नकोच, मला माहितीये लोणावळ्याला उतरलं की हात शिवशिवतात. पालथं झोपून पाठीवर दाब घेतला की सगळं वर येतं, आणि खाणं व मसाज यात दीड-दोन तास असले पाहिजेत. पोहे, इडली, केळं, संपलं. चिक्की येताना घ्या.

ठिकाण. पाच पुण्याच्या असल्यावर मी मुळशी, कामशेत-पवना किंवा लोणावळा या पट्ट्यातच शोधीन. ठाण्याच्या दोघींना लोणावळा सोपं आहे, फक्त शनिवारी सकाळी बोरघाटात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी सहाच्या आत घर सोडायचं किंवा सरळ ट्रेनने लोणावळ्याला उतरायचं. मुळशी त्यांना आडवाटेला पडेल. नाशिकच्या मैत्रिणीची मात्र पंचाईतच आहे, तिने शुक्रवारी रात्री पुण्यात कोणाकडेतरी मुक्कामाला यावं हे सगळ्यात बरं, नाहीतर ती शनिवारी अंग आंबवून घेऊन येणार आणि तिची बॅच चुकणार. ठाणे-नाशिकच्या जास्त असत्या तर इगतपुरी म्हटलं असतं, ठाण्याच्या असत्या तर कर्जत. पावसाळ्यात जाणार असाल तर लोणावळ्याचे शनिवार-रविवार टाळा, भुशी डॅमच्या गर्दीत तुमची गाडी दोन तास अडकेल आणि आम्ही स्लॉट धरून ठेवत नाही, अर्धा तास उशीर झाला तर तो अर्धा तास तुमच्याच मसाजमधून कापला जातो. शुक्रवार-शनिवार जमवता आलं तर सोनं. सुट्टी एकच पडते पण सगळं निवांत, आणि रेट पण खाली येतो.

बजेट आता. रिसॉर्टमध्ये तासाचा मसाज साधारण अडीच-तीन हजाराच्या पुढे सुरू होतो आणि मोठ्या नावाच्या ठिकाणी त्याच्या दुप्पट. मेन्यूवरच्या आकड्यात टॅक्स धरलाय का ते विचार, बहुतेक ठिकाणी धरलेला नसतो. खोलीच्या बाबतीत एक युक्ती सांगते, सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचं रात्रीचं भाडं ७५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७४०० ची खोली टॅक्ससकट ७७७० ला पडते आणि ७८०० ची ९२०४ ला. चारशे रुपयांचा फरक दिसतो, निघतो चौदाशेच्या वर. चार खोल्या घेतल्यात तर माणशी सातशेचा फरक, तेवढ्यात एकीचं फूट मसाजचं अर्ध बिल निघतं. खोली ३९०० माणशी, मसाज साडेतीन ते चार, जेवणं आणि पेट्रोल दोन, दहात बसतं पण काठोकाठ, त्यामुळे "चल ना फेशियल पण करू" हे ज्याचं त्याने आपल्या पैशाने. हे आधीच ग्रुपवर लिहून टाक. सगळ्यांसाठी कॉमन फक्त साठ मिनिटांचा एक मसाज, पुढचं जिचं तिने काउंटरवर भरायचं. नाहीतर काय होतं, एक जण हॉट स्टोन म्हणजे गरम दगडांचा मसाज, एक जण नव्वद मिनिटं, आणि जिने पंचवीस मिनिटांचा फूट मसाज घेतला ती पण सारखीच वर्गणी भरते, तोंडाने काही बोलत नाही पण पुढच्या वर्षी येत नाही.

पॅकेजमध्ये "कॉम्प्लिमेंटरी स्पा" लिहिलं असेल तर किती मिनिटांचा आणि कसला ते लेखी घे. बहुतेकदा तो पंधरा-वीस मिनिटांचा खांद्याचा नाहीतर पायाचा मसाज असतो, किंवा नुसतं मसाजवर वीस टक्के सूट. फसवणूक नाही ती, पण ग्रुपमध्ये तू "स्पा फ्री आहे गं" असं सांगून बसलेली असतेस. आणि साठ मिनिटं म्हणजे टेबलावर साठ की दारातून आत आल्यापासून साठ, हे पण विचार, ऐकायला बारीक वाटतं पण लोक दोन्ही अर्थांनी विकतात.

दुसरी एक गोष्ट, वीकेंड पंचकर्म. दोन दिवसांचं पंचकर्म असं काही नसतं. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही ती पाच कर्मं, त्याच्या आधी वैद्याने तपासायचं, मग पूर्वकर्म म्हणजे स्नेहन-स्वेदन, तेल-तूप आणि घाम काढणं, काही दिवस, मग मुख्य कर्म, मग नंतरचं पथ्य, हा सगळा आठवडा-दोन आठवड्यांचा मामला आहे. तुम्हाला शनिवारी जे देतात ते अभ्यंग आणि वाफ, फार तर शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार. मस्त असतं, घ्या, पण पंचकर्माच्या नावाने दुप्पट पैसे देऊन घेऊ नका. अभ्यंग आपल्याला नवं नाहीच की, दिवाळीच्या पहाटे आई पाटावर बसवून तेल रगडायची तेच, आणि मेन्यूवर जे उद्वर्तन म्हणून लिहितात ते आपल्या उटण्याचं सख्खं भावंड, कोरडी पावडर घेऊन खालून वर चोळतात.

कोणी काय घ्यावं. पहिल्यांदा घेणारीने अभ्यंग किंवा स्वीडिश, मध्यम दाब. डीप टिश्यू म्हणजे खोल, जोरात दाबाचा मसाज पहिल्याच वेळी घेऊ नका, दुखतं म्हणजे चांगलं हा गैरसमज आहे, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं आणि रविवारचा फिरायचा प्लॅन रद्द. जास्त दाब वाटला तर लगेच बोलायचं, "हल्का" एवढं पुरे, आमच्या मुलींना हिंदी येतं. गप्प बसून दात आवळून पडून राहणाऱ्या बायका मला पाठीवरूनच कळायच्या, खांदे कानापर्यंत आलेले असतात. एकाहून जास्त गोष्टी घेणार असाल तर क्रम असा ठेवा, आधी स्क्रब, मग मसाज, मग फेशियल, सगळ्यात शेवटी नेलपॉलिश. फेशियल आधी केलं तर नंतर पालथं झोपून चेहरा त्या भोकाच्या उशीत दाबला जातो, सगळा ग्लो तिथेच राहतो. वॅक्सिंग करून आलात तर मिठाचा स्क्रब त्याच दिवशी अजिबात नको, एकदा एक नवरीबाई अशी किंचाळली होती की शेजारच्या रूममधला माणूस टॉवेलवर बाहेर आला. शिरोधारा घ्यायची असेल तर तेल दोन-तीनदा शॅम्पू केल्याशिवाय निघत नाही आणि डोकं इतकं सुस्त होतं की लगेच गाडी चालवायची नाही. गाडी चालवणारीने ती रविवारी निघायच्या आधी तर मुळीच घेऊ नये.

आता तुझ्या तीन खास मैत्रिणी.

पाचव्या महिन्याची. तिने आधी तिच्या डॉक्टरला विचारायचं आणि जमलं तर त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र आणायचं, बरेच स्पा त्याशिवाय हात लावत नाहीत आणि ते बरोबरच आहे. प्रेग्नन्सी मसाज शिकलेली थेरपिस्ट असेल तरच, कुशीवर झोपवून, उशा लावून, हलक्या हाताने, पायांना जोरात दाब नाही. अशी कोणी नसेल तर खुर्चीत बसून डोकं, खांदे, हात, तेवढं पुष्कळ होतं. स्टीम, सॉना, जकुझी तिन्ही नाही, थोडा वेळ पण नाही, उष्णतेचा प्रश्न आहे. लपवून मसाज घ्यायचा प्रकार मी बघितलाय, एका बाईला तिसरा महिना होता आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं म्हणून फॉर्मवर पण नाही लिहिलं, स्टीममध्ये चक्कर आली तेव्हा कळलं. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप, पण त्या दिवशी माझे हात थरथरत होते. आणि बाकीच्या सगळ्या स्टीममध्ये असताना तिला एकटीला बाहेर मासिक चाळत बसवू नका. त्या वेळेत तिची डोक्याची चंपी ठेवा म्हणजे तिला आपल्याला वगळलंय असं वाटत नाही.

शुगरवाली पहिल्या बॅचमध्ये, म्हणजे तिचं जेवण लांबत नाही. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी पोटी मसाज नको, पर्समध्ये बिस्किटं असू दे. तळपायाला बधिरपणा असेल तर हॉट स्टोन आणि कडक गरम पाण्यात पाय बुडवणं नाही, भाजलेलं कळत नाही तिला. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी वाफेतून उठताना सावकाश उठायचं, बाकीच्यांनी पण दहा-बारा मिनिटांवर वाफेत बसायचं नाही आणि पाणी प्यायचं. रात्री वाइनचा प्लॅन असेल तर तो स्टीमच्या नंतरचा असू दे, आधीचा नको.

जिला हात लावलेला आवडत नाही तिला कृपया आग्रह करू नका. "अगं एकदा घेऊन तर बघ" हे वाक्य ग्रुपमध्ये बंद. तिच्यासाठी दोन पर्याय आहेत, पायाचं रिफ्लेक्सॉलॉजी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून आरामखुर्चीत बसून होतं, किंवा थाय मसाज, तो त्यांनी दिलेले ढगळ कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर असतो, तेल नाही. आणि काहीच नको म्हणाली तर काहीच नको, ती पूलवर पडून राहील. बऱ्याच बायकांना खरी भीती कपड्यांची असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ग्रुपवर आधीच सांग: डिस्पोजेबल आतला कपडा मिळतो, अंगावर पूर्ण वेळ चादर असते, जो भाग चालू आहे तेवढाच उघडा, आपले आतले कपडे ठेवायचे असतील तरी चालतं, नको तो भाग "इथे नको" म्हणून सांगता येतो. बाई थेरपिस्टच हवी हे बुकिंगच्या वेळी सांगून लिहून घ्यायचं. केरळी पद्धतीच्या लाकडी द्रोणीवर दोघी मिळून मसाज करतात तिथे मात्र चादर कमी आणि तेल भरपूर, लाजणाऱ्यांनी ते टाळावं. कपल रूममध्ये दोन टेबलं असतात, दोन मैत्रिणींना एकत्र देतात, काहींना त्याने धीर येतो आणि काहींना उलट संकोच होतो, तेव्हा जोड्या तू नको पाडूस, विचारून पाड. पाळी आली तर साध्या स्पामध्ये काही अडचण नाही, सांगितलं की पोट आणि कंबर हलकी करतात, पण काही आयुर्वेदिक केंद्रं त्या दिवसांत अभ्यंग देत नाहीत, आणि आठ जणी दोन दिवस म्हटल्यावर कोणाची तरी येणारच, आधी विचारून ठेव.

आता फॉर्म. माझ्या मते ग्रुपमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. एकट्या आलेल्या बाईला फॉर्म दिला की ती नीट वाचून भरते. आठ जणी सोफ्यावर बसून एकमेकींच्या मांडीवर फॉर्म ठेवून हसत भरतात, सगळ्यांच्या सगळ्या रकान्यात "नाही". कारण ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मायग्रेन, डिप्रेशनची औषधं, हे शेजारी बसलेल्या मैत्रिणीला दिसावं असं नसतं, शाळेतली असली तरी. एकदा एका बाईने सगळं नाही लिहिलं आणि आत टेबलावर पडल्यावर माझ्या मुलीला हळूच सांगितलं की डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात, बाहेर कोणाला माहीत नाही. त्या हाताला आम्ही मग दाब दिलाच नाही, पण ती बोलली नसती तर? तर फॉर्म आधी व्हॉट्सअॅपवर मागव, प्रत्येकीला वेगवेगळा पाठव, आणि भरून तिने थेट स्पाला पाठवायचा, तुला नाही. पायाच्या फुगलेल्या शिरा, स्लिप डिस्क, तिळाची किंवा बदामाची अॅलर्जी, महिन्याभरातलं कुठलंही ऑपरेशन, चेहऱ्याला लावायचं रेटिनॉल, सगळं लिहायचं. ताप असेल तर मसाज नाही, पैसे फुकट जात असतील तरी नाही.

सामानाचं पटकन सांगते. दागिने घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर छोटी चेन असलेलं घालून या, तेलात काळे मणी आणि दोरा चिकट होतो आणि गळ्याचा मसाज धड होत नाही. कानातलं हरवलं की काय होतं सांगू? आम्ही तीन मुली रात्री दहापर्यंत धुवायच्या टॉवेलच्या ढिगाऱ्यात कुडी शोधत बसलो होतो आणि ती निघाली त्याच बाईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. कॉन्टॅक्ट लेन्स वाफेच्या आधी काढायच्या, डबी बरोबर ठेवा. जुना कॉटनचा कुर्ता, जुने आतले कपडे, मोठा दाताचा कंगवा. तेलकट अंगाने खोलीतल्या पांढऱ्या चादरीवर झोपलात तर काही ठिकाणी डागाचे पैसे लावतात, वरून आपला पंचा अंथरा. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तेल गरम करून लावता ना आणि रूममध्ये हीटर आहे ना, विचारा, घाटावर थंडीत गार तेलासारखी शिक्षा नाही. पावसाळ्यात वीज जाते, स्टीम जनरेटरवर चालते का तेही. फोन आत न्यायचा नाही, गाऊनमधले फोटो काय ते आधीच लाउंजमध्ये काढून घ्या, आणि त्यात दुसरं कोणी येत नाही ना बघा.

टिप. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, काढायला सांगता येतो, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं. ते काढलेले पैसे हवं तर थेरपिस्टच्या हातात द्या, रोख, सुट्टे घेऊन या. आठ जणींनी आठ वेगवेगळे आकडे दिले की आत त्या मुलींमध्ये कुरबुर होते, त्यापेक्षा एकीने गोळा करून सगळ्यांना सारखी पाकिटं द्यावीत. माझ्या मते माणशी दोनशे-तीनशे ठीक आहे. कोणाचा हात खरंच आवडला तर तिचं नाव घेऊन मॅनेजरला सांगा, त्याचा तिला पैशांपेक्षा जास्त उपयोग होतो, पुढच्या इन्क्रिमेंटला आम्ही तेच बघतो.

आणि हे सगळं वाचून दहा हजारात जमत नाही असं वाटलं तर एक स्वस्तातला प्रकार आहे जो मी माझ्या स्वतःच्या मैत्रिणींबरोबर करते, कारण मला सुट्टीत स्पाचा वास पण नको असतो. कर्जत किंवा कामशेतला स्वयंपाकाची मावशी असलेला बंगला घ्यायचा, घरून तिळाचं तेल आणि उटणं न्यायचं, आणि सकाळी अंगणात एकमेकींच्या डोक्याला, पाठीला तेल लावून कडकडीत पाण्याने अंघोळ. खोपोलीकडून पालीला गेलं की उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं पण आहेत, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते, फक्त चांदीचे पैंजण काढून जा, अशा पाण्यात चांदी काळी पडू शकते. इथे तुझ्या त्या हात न लावू देणाऱ्या मैत्रिणीला पण मैत्रिणीचा हात चालतो कदाचित, आमच्यातली एक अशीच होती. पाचव्या महिन्याच्या मैत्रिणीने मात्र कुंडात उतरायचं नाही, काठावर बसायचं.

रिसॉर्टच ठरलं तर फोन बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला कर, आणि रिसेप्शनला नाही, स्पाला जोडून द्या म्हण. त्या वेळी आम्ही रिकाम्या असतो, रोस्टर समोर असतं, शनिवारी किती मुली आहेत ते खरं सांगता येतं. सांग की आठ जणी आहोत, अकराची आणि साडेबाराची अशा दोन बॅच हव्यात, आणि समोरची बाई "या तुम्ही, आल्यावर बघू" म्हणाली तर फोन ठेव आणि दुसरीकडे लाव.